मुलांच्या कागदाला हात लावायचा नाही

३१ ऑगस्ट, शुक्रवार

नोकरी लागली. गाव म्हणेल, हुंगला फुकटात मिळाली. खरा खर्च असा: पांढरे शर्ट दोन, सातशे ऐंशी युआन. चामड्याची वाटेल अशी पिशवी, तीनशे. दातांवरचा लाल थर खरवडून घेतला, बाराशे; वर डॉक्टरीण म्हणते, "काका, अजून तीनदा यावं लागेल." पण हे सगळं किरकोळ. एकतीस वर्षांची सुपारी आजपासून बंद केली. ती कुठल्या रकान्यात मांडू?

शाळेच्या कलाशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर आहेत. शाळेने तीनदा जाहिरात दिली. पुताईच्या या खाऱ्या वाऱ्यात शहरातून कोण येतंय? तिसऱ्या वेळी पदवीची अट काढली, तेव्हा मी अर्ज केला आणि सर्व अर्जदारांतून माझी निवड झाली. अर्जदार किती होते ते मी विचारलं नाही. आ-लियेनने विचारून घेतलं. एक.

बायको असली तरी तिला कळत नाही. एकोणतीस वर्षं मी सिनेमाचे बोर्ड रंगवले. दोन मजली चेहरे. चेहरा एकदा नजरेखालून गेला की तो माझा; पुन्हा फोटो पाहावा लागत नाही. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

मुलांना काय द्यायचं ते ठरलंय. स्वातंत्र्य. आम्हाला उस्ताद हातावर पट्टी मारून शिकवायचा. माझा नियम एकच: मुलांच्या कागदाला हात लावायचा नाही. मेलो तरी.

६ सप्टेंबर, गुरुवार

पहिला तास. आठवी ब, एकोणतीस मुलं. पंचेचाळीस मिनिटांपैकी पस्तीस मिनिटं मी स्वातंत्र्यावर बोललो. पोरं अगदी गप्प. प्रभाव पडला.

मग म्हटलं, मनात येईल ते काढा. एकाने विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" दुसरा म्हणाला, "सर, मनात काहीच आलं नाही तर?" मागून आवाज आला, "तू कोरा कागद दे, तुझं हुबेहूब येईल." हशा. मीही हसलो. शिक्षकाने हसावं.

कुणाच्या पेन्सिली हलेनात, म्हणून नमुना म्हणून फळ्यावर एक डोंगर काढला, मागे सूर्य, वर तीन ढग. लगेच अठ्ठावीस जणांची पेन्सिल सुरू झाली. मोकळेपणा असा असतो, दार उघडावं लागतं फक्त. डोंगर थोडा डावीकडे हवा होता, तेवढा मी सगळ्यांना डावीकडे घ्यायला लावला.

एकोणतिसावी मुलगी खिडकीपाशी बसते. सू मान-निंग. तास संपेपर्यंत तिने दोनच हात काढले, रबरी हातमोजे घातलेले. चेहरा नाही, काही नाही. लाजरी आहे. हिला उघडावं लागेल.

१३ सप्टेंबर, गुरुवार

गणिताच्या फांग बाई दारात उभ्या. "हुंग सर, आजचा तास तेवढा उसना द्या हं. घटक चाचणी डोक्यावर आलीय. पुढच्या आठवड्यात परत करते."

मोठ्या मनाने दिला. नव्या माणसाने जुळवून घ्यावं.

२० सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा उसना. शिक्षकांच्या खोलीत खेळाचे सर म्हणाले, "अहो, माझे त्यांच्याकडे दोन हजार नऊ सालापासूनचे तास आहेत." सगळे हसले. मी मनात म्हटलं, याला बोलता येत नसेल. पुढच्या वेळी स्पष्ट नाही म्हणायचं.

सुपारी: एकही नाही. (एक, पण थुंकलो.)

२७ सप्टेंबर, गुरुवार

तास फांग बाईंकडे. नाही म्हणायचं होतं, पण त्यांनी आधीच 'थँक्यू हं' म्हटलं.

पण आजचा दिवस सोन्याचा. मधल्या सुट्टीत मान-निंग कलाखोलीत आली. गुंडाळी केलेला मोठा कागद टेबलावर पसरला आणि दोन पावलं मागे सरली. पेन्सिलीचं काम. तिची आमा, म्हणजे आजी, कालवं फोडत बसलेली. पोर आईबापांविना आमाजवळच वाढली, हे मला ठाऊक होतं.

पोरीच्या हातात आहे काहीतरी! जिल्ह्याच्या चित्रस्पर्धेला पाठवायचं, मी तिथल्या तिथे जाहीर केलं. फक्त एका कानाची गडबड होती. दुमडून गेल्यासारखा, बोराएवढा. पहिली नजर तिथेच गेली माझी. एकोणतीस वर्षांची सवय, चूक आधी दिसते. खोडरबर घेतला आणि दोन रेघांत कान जागेवर आणला.

ती म्हणाली, "सर, त्या कानाने आमाला ऐकू येत नाही. म्हणून तो तसा आहे."

मी समजावलं. बहिरेपण कागदावर दिसत नसतं बाळ, परीक्षकाला वाटेल काढता आला नाही. तिने मान हलवली. पटलं तिला.

कान म्हणजे काही कागद नव्हे. नियम शाबूत.

४ ऑक्टोबर, गुरुवार

तास मिळाला! बाई रजेवर. मुलांकडून निसर्गचित्र करून घेतलं. उपमुख्याध्यापक लोउ फेरी मारत आले, भिंतीवरची एकोणतीस चित्रं बघत बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "सगळी एकाच हातची वाटतात." इतकी मोठी शाबासकी त्यांनी आजवर कुणाला दिली नसेल.

संध्याकाळी आ-लियेनला सांगितलं. ती उद्याच्या नाश्त्याच्या गाडीसाठी सोयाबीन निवडत होती. म्हणाली, "अहो मास्तर, पुताईत डोंगर कुठाय? पोरांनी बघितला तरी कुठे?"

कल्पनाशक्ती म्हणतात त्याला. पण सोयाबीन निवडणाऱ्या बाईशी काय वाद घालायचा.

११ ऑक्टोबर, गुरुवार

मान-निंगने चित्रात रंग भरून आणले. सगळं करडं आणि शिंपल्यांचं पांढरं. मागे पत्र्याचं छप्पर, शिंपल्यांचा ढीग, विजेची लोंबती तार. मी म्हटलं, समुद्र कुठे गेला? म्हणाली, "आमा बसते तिथून समुद्र दिसत नाही." अगं, पुताईचं चित्र आणि समुद्र नाही? परीक्षक काय, तार बघायला बसलेत?

पार्श्वभूमी म्हणजे माणूस नव्हे. ओला ब्रश फिरवून तिचा रंग उचलला आणि समुद्र घातला. मावळतीचा. सहा मिनिटांत! आत्ताची पोरं सहा तास घेतील. मान-निंग बघतच राहिली.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

तास फांग बाईंकडे. आता विचारतही नाहीत, आपलेपणा वाढला.

मधल्या सुट्टीत नाकाचं काम. आमाचं नाक बसकं होतं, ते उचललं; ओठही त्याला शोभतील असे नव्याने केले. डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका. ठिपका पडला की चेहरा बोलायला लागतो, हा माझ्या उस्तादाचा मंत्र. पाठ गोणीसारखी वाकली होती, ती थोडी सरळ केली. म्हाताऱ्या माणसाला मान द्यायला नको?

हात चेहऱ्यापेक्षा मोठे काढले होते. प्रमाणात आणले.

मान-निंग शेजारी बसून माझे ब्रश धुवत होती. अर्धा तास, एक शब्द नाही. एवढी एकाग्रता मी आजच्या पिढीत पाहिली नाही.

सुपारी: दोन. घरी. घर म्हणजे शाळा नव्हे.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

चित्र पूर्ण. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, मग आणखी दोन.

स्पर्धेच्या फॉर्मवर खाली छापलंय: 'हे चित्र विद्यार्थ्याने स्वतः काढलेले आहे.' मार्गदर्शक शिक्षकाची सही. बेधडक केली. कल्पना तिची, कागद तिचा, आजी तिची. कोपऱ्यातलं नाव तर तिने स्वतःच्या हाताने घातलंय. ते जरा फिकं होतं, तेवढं गिरवलं.

३ नोव्हेंबर, शनिवार

पाठवण्याआधी चित्र आमाला दाखवावं असं मनात आलं. गल्लीच्या टोकाला ती शिंपल्यांच्या ढिगापुढे बसलेली. डोक्यावर टोपी, त्यावरून फुलाफुलांचं फडकं नाकातोंडावर बांधलेलं. या बायका बसतात तशीच, डोळे तेवढे उघडे. मी चित्र धरून उभा. पाठीमागून प्रकाश पडावा म्हणून जागा बदलली.

आमाने सुरी थांबवली. फडकं न काढता बघितलं. मग ओरडून, ऐकू कमी येतं म्हणून सगळ्यांशी ओरडूनच बोलते ती, म्हणाली, "कोण गं ही बाई? देखणी आहे हो!"

मान-निंग तिच्या चांगल्या कानाशी वाकली आणि काहीतरी म्हणाली. आमा खूप वेळ हसली. "मी? अगं बाई! मास्तरांनी मला नवऱ्यासकट परत उभी केली असती तरी चाललं असतं!" आणि पिशवीभर कालवं दिली. घेत नव्हतो, तर म्हणाली, "घ्या हो, कालवं काही देखणी नाहीत."

देखणी म्हणाली! अजून काय हवं? मान-निंग घरात गेली ती निरोप द्यायला बाहेर आली नाही. आनंदाने गांगरली असेल.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला नंबर! अख्ख्या जिल्ह्यात! चित्र आता वर्षअखेरपर्यंत जिल्ह्याच्या कलादालनात लागणार.

शाळेच्या फाटकावर लाल कापड लावायची पद्धत आहे. बाहेरून छापून आणणार होते. मी म्हटलं, छापील कशाला, मी असताना? मधल्या सुट्टीत रंगवून टांगलंसुद्धा. वर 'अभिनंदन', मग मान-निंगचं नाव, खाली 'मार्गदर्शक: हुंग'. खालच्या ओळीत जागा जास्त उरली, त्यामुळे ती अक्षरं आपोआप मोठी झाली.

फाटकापाशी आठवीच्या दोन पोरी बोलत होत्या. माझे कान तिखट आहेत. एक म्हणाली, "पहिला नंबर हुंग सरांचा का?" दुसरी म्हणाली, "मग? मान-निंगने ब्रश धुतले." पोरं थट्टा करतात. लाडके शिक्षकच थट्टेला मिळतात.

सकाळच्या सभेत मान-निंगला मंचावर बोलावलं. ती वाकली, प्रमाणपत्र घेतलं, खाली उतरली. माइकपुढे एक शब्द नाही. भाषणाचा सराव घ्यायला हवा होता, माझी चूक.

सुपारी: मोजली नाही. आनंदाचा दिवस.

१९ नोव्हेंबर, सोमवार

मान-निंगला म्हटलं, पुढचं चित्र काय काढायचं? म्हणाली, "काही नाही." विश्रांती घे म्हटलं. मोठ्या कलावंतांचं असंच असतं.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

मान-निंग गैरहजर. लोउ म्हणाले, काल पहाटे आमा शिंपल्यांपाशीच कोसळली. हॉस्पिटलपर्यंत पोचली नाही.

आज तासाला फांग बाई आल्या नाहीत. वर्ग माझा होता. मी फळ्यावर काही काढलं नाही.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

गल्लीत मांडव घातलाय. शोकाच्या पैशांचं पांढरं पाकीट घेऊन गेलो. शेजारणी टेबलाभोवती बसून कागदाची कमळं दुमडत होत्या, आमासोबत जाळायची. मला पाठमोरा पाहून त्यांचं चालूच राहिलं.

"ते बक्षीस मिळालेलं चित्र आमाचंच ना?"

"कसलं आमाचं! आमच्या लग्नाच्या वेळी थिएटरवर लागली होती ना, ती नटी. डिट्टो तीच. खाली फक्त कालवं ठेवलीत."

शेजारणींना कलेतलं काय कळतंय.

मान-निंग शोकाचे कपडे घालून आली. डोळे कोरडे. म्हणाली, "सर, माझं चित्र परत मिळेल का? पुढच्या शुक्रवारी सकाळी आठला अंत्यविधी आहे. पेटी बंद करायच्या आधी आमाबरोबर ठेवायचंय. मी तिला सांगितलं होतं, पूर्ण झालं की देईन."

म्हटलं, बाळ, हे काम हुंगचं. उद्या घेऊन येतो.

२४ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्या बसने जिल्ह्याच्या गावी. कलादालनाचा अधिकारी म्हणे, वर्षअखेरशिवाय चित्र उतरत नाही. मी चार तास बाकावर बसलो. त्याच्या चहाच्या भांड्याचं कौतुक केलं, त्याच्या दारावरची पाटी किती वाईट रंगवलीय ते सांगितलं, ती फुकटात रंगवून दिली. दुपारी चित्र माझ्या काखेत! कॉलेज शिकलेल्या मास्तराला जमलं असतं?

२५ नोव्हेंबर, रविवार

मान-निंगने काच काढायला लावली. चित्र मांडीवर घेऊन बसली. मग हळूच म्हणाली, "सर, हे नाही. खालचं."

मला कळेना.

"याच्या खाली माझं आहे ना? वरचं निघेल का?"

म्हटलं, निघेल की. का नाही निघणार. माझाच रंग आहे, माझं ऐकेल. घरी आणलं.

आ-लियेन म्हणाली, "निघणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. कशाला सांगितलंत पोरीला?" रंगाचं मला शिकवते.

२६ नोव्हेंबर, सोमवार

ओला स्पंज, कापूस, कानातली काडी. कोपऱ्यातून सुरुवात केली. समुद्र निघाला. खाली कागद निघाला, पांढरा. तार, पत्रा काही नाही. ते मीच उचललं होतं, अकरा ऑक्टोबरला. वर लिहून ठेवलंय.

नाकाशी आलो. नाक गेलं. खाली काही नव्हतं.

कानापाशी थांबलो.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

खरं सांगितलं. निम्मं. म्हटलं, ओलाव्याने रंग एकात एक गेले. मान-निंग रडली नाही, तेच जड गेलं. म्हणाली, "मग मी परत काढते. तुमच्या खोलीत बसू का?"

बैस म्हटलं. चांगला कागद दिला, माझ्यासाठी ठेवलेला.

२८ नोव्हेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर दोन तास ती काढत होती. मी दुसऱ्या टोकाला बसलो. हात मांडीखाली दाबून बसलो. शप्पथ.

पाच कागद झाले. पाचही वेळा नाक उचललेलं, सुंदर. पाठ सरळ. डोळ्यांत ठिपका. सप्टेंबरात हे मी बघितलं असतं तर म्हटलं असतं, पोरगी शिकली.

सहाव्या कागदावर तिने नाक काढलं, खोडलं, काढलं, खोडलं. कागद फाटला. म्हणाली, "सर, हात तसाच जातो. मला आता ती तुमच्या चित्रातल्यासारखीच दिसते."

फोटो बघून काढ म्हटलं. म्हणाली, फोटो एकच आहे, ओळखपत्रावरचा, तिशीतला. तो मांडवात लावलाय.

"माझं पहिलं तुम्ही पाहिलं होतं ना? तुम्ही म्हणता ना, एकदा पाहिलं की विसरत नाही. तुम्ही नुसतं सांगा. तोंड उघडं होतं का मिटलेलं? मी काढते. तुम्ही सांगा फक्त."

म्हटलं, उद्या सांगतो. आज दमली आहेस.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी फांग बाई दारात आल्या. मी म्हटलं, तास घ्या. त्या म्हणाल्या, "नको हो, आज तुम्हीच घ्या." माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "चहा पाठवू का?" या बाईंबद्दल मी काहीबाही लिहिलंय मागे.

मान-निंग शाळा सुटल्यावर आली. पेन्सिल तासून आणली होती. मी सांगायला लागलो. कपाळ रुंद होतं, गाल बसलेले, तोंड... तोंड मिटलेलं. ती काढत गेली. मी सांगत गेलो. दहा मिनिटांनी तिने पेन्सिल ठेवली.

"सर, ही कुणीही म्हातारी आहे."

तिने कागदाची घडी केली, पिशवीत घातली, वाकून नमस्कार केला आणि गेली. दार हळू लावलं.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

आठला अंत्यविधी झाला. पाऊस नव्हता, वारा होता. मी मागच्या रांगेत होतो. पेटी बंद करायच्या आधी मान-निंग पुढे गेली आणि रिकाम्या हातांनी उभी राहिली.

घरी येऊन कागद घेतला. म्हटलं, मीच काढून बघू. सकाळची दुपार झाली.

त्या दिवशी तिने कागद पसरला, तेव्हा मी फक्त कान पाहिला होता. तोंड उघडं होतं की मिटलेलं, मला माहीत नाही.